हे तूच लिहिलंस का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात आम्ही मुलींसाठी कथालेखनाची स्पर्धा ठेवली होती. वाचनालय म्हणजे काय, समाजमंदिराची एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि रविवारचे तीन तास. विषय मुलींनीच मागून घेतला, भयकथा! बावीस वह्या आल्या. त्यातली एक आठवीतल्या मुलीची. बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीतून रोज रात्री तान्ह्या बाळाचं रडणं येतं आणि ते फक्त घरातल्या नव्या सुनेलाच ऐकू येतं, अशी ती गोष्ट. खोटं कशाला सांगू, वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ तसे भले. पण त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि पहिलाच प्रश्न केला, हे तूच लिहिलंस का? की भावानं लिहून दिलं? पोरीला भाऊ नाही. मग कुठून उतरवलंस? ती मान खाली घालून उभी राहिली. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस गेलं ते वाड्यात किंचाळत पळणाऱ्या नायिकेला आणि तिला वाचवणाऱ्या नायकाला. घरी गेल्यावर तिची आई म्हणाली, ताई, मुलीच्या जातीनं असलं अभद्र लिहूच नये.

त्या रात्री मला राहून राहून मेरी शेली आठवत होती. मैत्रिणींनो, हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये तिलाही विचारला गेला होता.

बी.ए.ला मला इंग्रजी वाङ्मय होतं. शेलीच्या कविता आम्ही घोकल्या. त्याच्या बायकोवर आमच्या नोट्समध्ये दीड ओळ होती. ‘फ्रँकेन्स्टाईन’ नावाची एक कादंबरी तिनं लिहिली, इतकंच. परीक्षेला येणार नाही म्हणून ती दीड ओळही मी सोडून दिली होती! लग्नानंतर, मुलं जराशी मोठी झाल्यावर एका दुपारी ती कादंबरी हातात पडली आणि मग तिचं चरित्र शोधून वाचलं. तेव्हापासून ही बाई माझ्या डोक्यातून जात नाही.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७चा, लंडनचा. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट. बायकांना नाजूक, लाजरं आणि पुरुषांना रिझवण्यापुरतंच वाढवलं जातं, त्यांना शिक्षण द्या, मग बघा, असं ठणकावून सांगणारं पुस्तक तिनं १७९२मध्ये लिहिलं होतं. वडील विल्यम गॉडविन, त्या काळचे नावाजलेले विचारवंत. बाळंतपण सुइणीच्या हातून झालं, पण वार पडेना. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ती हातानं काढली. हात धुण्याचं महत्त्व तेव्हा कुणाला ठाऊक होतं? जंतुसंसर्ग झाला आणि १० सप्टेंबरला ती बाळंतीण गेली. दिवस मोजले तर लक्षात येतं, जन्माचा दिवस धरून तो बारावा दिवस होता. आपल्याकडे ज्या दिवशी बारसं व्हायचं, त्या दिवशी या मुलीची आई गेली.

आपल्याकडे बाळंतपणात दगावलेल्या बाईचं काय होतं, ते माझ्या आजीच्या गोष्टींमधून मला चांगलं माहीत आहे. तिची अळवंत होते, हडळ होते. आमच्या भुतांच्या जगातही हुद्दे ठरलेले! पुरुष मेला तर तो वेताळाच्या पालखीत, नाहीतर विद्वान ब्राह्मण असेल तर ब्रह्मराक्षस. बाई मात्र बाळंत होता होता मेली म्हणूनच भूत. म्हणजे जिनं सोसलं तीच भीतीचं कारण. मेरीनं पुढे जी भयकथा लिहिली तिच्यात हे सगळं उलटं झालं. तिथं भीतीचं कारण बाळंतीण नाही. जन्म देऊन पाठ फिरवणारा पुरुष आहे.

पण ते पुढे. आई गेल्यावर वडिलांनी प्रेमापोटी तिचं चरित्र लिहिलं आणि १७९८मध्ये छापलं. त्यात बायकोचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. तिचे आधीचे प्रेमसंबंध, लग्नाशिवाय झालेली पहिली मुलगी फॅनी, आत्महत्येचे प्रयत्न, सगळं. लोकांनी तिची छी थू केली. अशा बदनाम आईची ही लेक. तिचं नावही आईचंच. पुढे सावत्र आई आली आणि तिच्याबरोबर क्लेअर ही सावत्र बहीण. मेरीला रीतसर शाळा अशी मिळाली नाही, पण घरात पुस्तकं होती आणि येणारे जाणारे लेखक, कवी होते. आईच्या थडग्यावरची अक्षरं गिरवत ती वाचायला शिकली, असं सांगतात. मोठी झाल्यावर पुस्तक घेऊन ती त्या थडग्यापाशीच जाऊन बसायची.

तिथंच तिची आणि पर्सी शेलीची भेट होऊ लागली. तो एकवीस वर्षांचा, मोठ्या घरचा, बंडखोर कवी. आणि विवाहित! बायको हॅरिएट दुसऱ्यांदा गरोदर होती. जुलै १८१४मध्ये मेरी त्याच्याबरोबर पळून गेली, तेव्हा ती सतराचीही पुरी झालेली नव्हती. क्लेअरही बरोबर निघाली. लग्नसंस्थेवर टीका करणाऱ्या वडिलांनी लेकीसाठी दार बंद केलं. जावयाकडून पैसे घेणं मात्र चालू ठेवलं.

हे मी तिची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. हॅरिएटचा विचार मनात आला की आजही मला मेरीचा राग येतो. पण तिच्या पुस्तकात जी अपराधाची सावली आहे, ती कुठून आली, हे कळायचं तर हे सांगायलाच हवं.

फेब्रुवारी १८१५मध्ये तिला मुलगी झाली, दिवस पुरे भरण्याआधीच. दोन आठवड्यांत, नाव ठेवायच्या आधीच ते बाळ गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मेरीला स्वप्न पडलं. बाळ मेलेलं नव्हतंच, फक्त गार पडलं होतं. शेकोटीपाशी नेऊन चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झालं. जाग आली तर बाळ नाही. रोजनिशीत तिनं ते दोन ओळींत लिहून ठेवलं आहे. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मेलेलं शरीर पुन्हा ऊब धरेल का, हा प्रश्न तिला प्रयोगशाळेत पडलेला नव्हता, बरं का. तो बाळंतिणीच्या खोलीत पडला होता.

जानेवारी १८१६मध्ये मुलगा झाला, विल्यम. त्या वर्षी मे महिन्यात सगळे स्वित्झर्लंडला जिनिव्हाच्या सरोवराकाठी गेले. शेजारी कवी बायरन आणि त्याचा तरुण डॉक्टर पॉलिडोरी राहायला होते. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याची राख आकाशात पसरली आणि १८१६मध्ये युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पाऊस, गारठा, विजा. घरात कोंडून पडलेल्या या मंडळींनी भुताच्या गोष्टी वाचल्या आणि बायरननं फर्मान काढलं, प्रत्येकानं एकेक गोष्ट लिहायची.

दोन्ही थोर कवींनी सुरुवात करून सोडून दिली. पॉलिडोरीनं बायरनच्या अर्धवट कल्पनेवरून पुढे ‘द व्हँपायर’ लिहिली. उमराव घराण्यातला देखणा रक्तपिपासू पुरुष आणि त्याच्या तावडीत सापडणाऱ्या तरुण मुली, हा पुढे शंभर वेळा गिरवला गेलेला साचा तिथंच तयार झाला. आणि गंमत बघा, १८१९मध्ये ती छापली गेली तेव्हा नाव लागलं बायरनचं! नावाचा घोटाळा पुरुषांचाही होत होता तर. पण पॉलिडोरीला हे सुचलंच कसं, असं कुणी विचारलं नाही.

मेरीला बरेच दिवस काही सुचेना. रोज सकाळी विचारणा व्हायची, सुचली का गोष्ट? रोज नकार द्यावा लागायचा. मग एका रात्री पुरुषांचं बोलणं चाललं होतं, प्राण म्हणजे नक्की काय, विजेच्या प्रवाहानं मृत देहात हालचाल आणता येईल का, वगैरे. ती ऐकत बसली होती. त्या रात्री डोळे मिटल्यावर तिला दिसला एक फिकट चेहऱ्याचा विद्यार्थी. आपणच जोडजाड करून बनवलेल्या देहाने डोळे उघडले म्हणून घाबरलेला. अठरा वर्षांची आई, कुशीला पाच महिन्यांचं मूल आणि मनात ही गोष्ट!

पुढचे महिने भयंकर होते. ऑक्टोबरमध्ये फॅनीनं, मेरीच्या त्या थोरल्या बहिणीनं, विष घेऊन जीव दिला. डिसेंबरमध्ये हॅरिएटचं प्रेत लंडनच्या एका तळ्यात सापडलं. तीन आठवड्यांच्या आतच, ३० डिसेंबरला, मेरी आणि शेलीचं लग्न झालं. १८१७च्या वसंतात कादंबरी पुरी झाली, तेव्हा मेरी पुन्हा गरोदर होती. दोन प्रकाशकांनी नकार दिला. १ जानेवारी १८१८ला ती तीन खंडांत आली, प्रती फक्त ५००, आणि लेखकाचं नाव नाही. प्रस्तावना शेलीनं लिहिलेली, अर्पणपत्रिका गॉडविन यांना. मग काय, लोकांनी हिशोब जुळवला, लेखक शेलीच असणार! सर वॉल्टर स्कॉटसारख्या मोठ्या लेखकानं पुस्तकाचं कौतुक केलं, पण तेही शेलीचं समजून. मेरीला त्यांना पत्र लिहून कळवावं लागलं, की पुस्तक माझं आहे. दुसऱ्या एका नियतकालिकाला लेखक बाई असल्याची कुणकुण लागली होती. त्यांचं म्हणणं साधारण असं, की मग तर हा दोष अधिकच गंभीर. म्हणजे पुरुषानं लिहिलं तर प्रतिभा, बाईनं लिहिलं तर अभद्र. आमच्या वस्तीतली आई वेगळं काय म्हणाली होती?

आता कादंबरीबद्दल थोडं. सिनेमे पाहून आपला समज असा, की फ्रँकेन्स्टाईन हे त्या राक्षसाचं नाव. तसं नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हे त्याला बनवणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव. राक्षसाला नावच नाही. व्हिक्टर त्याला बनवतो, तो डोळे उघडतो आणि व्हिक्टर पळून जातो. मराठीत आपण चटकन भस्मासुर म्हणून मोकळे होतो. पण भस्मासुर वर मिळाल्यावर उन्मत्त झाला. हा बिचारा आधी टाकलेलं मूल होता, मग राक्षस झाला. एका घराला लागून असलेल्या खोपटात लपून तो बोलायला शिकतो, वाचायला शिकतो, माणसांच्या जवळ जाऊ बघतो आणि दर वेळी दगड खातो.

आणि बायका? पहिल्यांदा वाचताना माझी निराशा झाली होती. एवढ्या बंडखोर आईची लेक, आणि तिच्या गोष्टीतल्या बायका बघा! सोशिक एलिझाबेथ वाट बघत बसते आणि लग्नाच्या रात्री मारली जाते. जस्टिन ही घरातली नोकराणी, न केलेल्या खुनासाठी फासावर जाते. तिनं गुन्हा कबूल करावा म्हणून पाद्री तिच्यामागे लागलेला असतो. आपण भयकथांमध्ये नेहमी बघतो तेच साचे, गरीब गाय किंवा बळी. कथा सांगणारे तिघंही पुरुषच. मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जाणवलं, की यातली प्रत्येक बाई मरते ती पुरुषाच्या गप्प बसण्यामुळे. जस्टिन निर्दोष आहे हे व्हिक्टरला ठाऊक आहे. तो बोलत नाही. धोका कुणाला आहे हे तो एलिझाबेथला सांगत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी ऐकताना मी अशी घरं पाहिली आहेत. सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि ‘घरातली गोष्ट’ म्हणून सगळे गप्प असतात.

मला सगळ्यात हादरवून गेला तो प्रसंग वेगळाच. राक्षस व्हिक्टरला म्हणतो, मला एक जोडीदारीण बनवून दे, मी तिला घेऊन दूर निघून जातो. व्हिक्टर कबूल होतो, कामालाही लागतो. ती जवळजवळ पुरी होत आलेली असताना त्याच्या मनात येतं, हिनं ऐकलं नाही तर? वचन तर त्या राक्षसानं दिलंय, हिनं कुठं दिलंय? हिला स्वतःचं मन असेल तर? हिला मुलं झाली तर? आणि तो तिचे तुकडे तुकडे करतो. जिनं अजून डोळेही उघडलेले नाहीत, ती उद्या स्वतःच्या मनानं वागेल या भीतीनं! मैत्रिणींनो, गर्भलिंग तपासणीविरोधी मोहिमेत मी काही वर्षं घरोघर फिरले आहे. हे पान मी पुस्तक मिटून बराच वेळ बाजूला ठेवलं होतं. मेरीनं साचा मोडला नाही असं मी म्हणत होते. तिनं साचा कसा तयार होतो आणि त्यात न बसणारीचं काय होतं, ते दाखवलं होतं.

आणखी एक गंमत. कादंबरीभर पत्रं लिहिली जातात ती मार्गारेट वॉल्टन सॅव्हिल नावाच्या एका बहिणीला. ती एकदाही बोलत नाही. पत्रं डिसेंबरपासून सप्टेंबरपर्यंतची, म्हणजे सुमारे नऊ महिन्यांची. तिची आद्याक्षरं जुळवा आणि मेरी वुलस्टनक्राफ्ट शेली या नावाची जुळवा. एकच येतात! सगळी गोष्ट ऐकून घेणारी, न बोलणारी बाई ती.

त्यानंतर तिच्या वाट्याला काय आलं ते लिहितानाही हात जड होतो. १८१८मध्ये व्हेनिसला धाकटी क्लारा गेली. १८१९मध्ये रोमला विल्यम गेला. त्याच वर्षी झालेला पर्सी फ्लॉरेन्स तेवढा जगला. जून १८२२मध्ये गर्भपात होऊन ती मरणाच्या दारात पोचली. डॉक्टर येईपर्यंत शेलीनं तिला बर्फात बसवून रक्तस्राव थांबवला. आणि पुढच्याच महिन्यात, ८ जुलैला, त्याची बोट वादळात बुडाली. मेरी विधवा झाली तेव्हा चोवीस वर्षांची होती.

लंडनला परतली तर तिच्या कादंबरीचं नाटक जोरात चाललेलं. जाहिरातीत राक्षसाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या आणि ते तिला फार आवडलं. १८२३च्या आवृत्तीवर पहिल्यांदा तिचं नाव आलं. पण नावानं पोट भरत नाही. सासरे सर टिमथी यांनी नातवासाठी थोडीशी नेमणूक बांधून दिली, ती परतफेडीच्या बोलीवर, आणि अट अशी, की मुलाचं चरित्र छापायचं नाही. त्याआधी त्यांनी नातू आमच्या हवाली कर असंही सुचवून पाहिलं होतं. तिनं साफ नकार दिला. मग लिहीत राहिली. कादंबऱ्या, कोशासाठी चरित्रं, मासिकांसाठी कथा, मिळेल ते. १८२७मध्ये तिनं दोन मैत्रिणींना पासपोर्ट मिळवून दिले. त्यातली एक पुरुषाच्या वेशात, पुरुषाच्या नावानं राहणार होती आणि दोघी नवराबायको म्हणून फ्रान्सला गेल्या. बदनामीची झळ जिनं सोसली होती, तिनं दुसऱ्यांना दार उघडून दिलं.

१८२६मध्ये तिनं ‘द लास्ट मॅन’ लिहिली. एकविसाव्या शतकाच्या शेवटी साथीच्या रोगानं सगळी माणसं मरतात आणि एकच उरतो, अशी ती कथा. २०२०मध्ये करोनाच्या काळात कितीतरी जणांना ती पुन्हा आठवली. पण तेव्हा एका साप्ताहिकानं थट्टा केली. शेवटचा पुरुष कशाला, शेवटची बाई लिहायची होती, बोलायला कुणी नाही याचं दुःख तिनं छान रंगवलं असतं, अशा अर्थाची. चार माणसं पुरलेल्या बाईच्या पुस्तकावर बायकांच्या बडबडीचा विनोद!

१८३१मध्ये ‘फ्रँकेन्स्टाईन’ची स्वस्त आवृत्ती निघाली, तेव्हा तिनं स्वतः प्रस्तावना लिहिली. कारण तेरा वर्षांनंतरही लोक विचारतच होते, की एवढ्याशा मुलीला इतकं भयानक सुचलंच कसं? तिनं शांतपणे सांगितलं, कसं सुचलं ते. तरी शंका संपल्या नाहीत. विसाव्या शतकातही काही अभ्यासक पुस्तकाचं श्रेय शेलीला वाटून देत राहिले. शेवटी हस्तलिखितं तपासली गेली. सुमारे ७२ हजार शब्दांमध्ये शेलीच्या हातचे चार-पाच हजार, तेही बरेचसे सुधारणेचे. बाकी सगळं मेरीचं.

१ फेब्रुवारी १८५१ला, त्रेपन्नाव्या वर्षी ती गेली. मेंदूत गाठ झाली असावी. वर्षभरानं तिचं लिहायचं मेज उघडलं, तर आत गेलेल्या मुलांच्या केसांच्या बटा आणि रेशमी कापडात बांधलेली नवऱ्याची रक्षा होती. तिच्या राक्षसाला दोनशे वर्षं सगळे घाबरले. तो कुठून आला होता, ते त्या मेजात होतं.

आणि सिनेमावाल्यांनी काय केलं? १९३१च्या प्रसिद्ध चित्रपटात श्रेयनामावलीत तिचं नाव आलं ते मिसेस पर्सी बी. शेली म्हणून! १९३५च्या पुढच्या भागात मेरी दाखवली, ती भरतकाम करताना सुई टोचून घेणारी, विजेला घाबरणारी नाजूक बाहुली. त्याच नटीनं राक्षसाच्या नवरीचंही काम केलं. व्हिक्टरनं कादंबरीत फाडून टाकलेली ती, इथं जिवंत झाली खरी, पण काही मिनिटांपुरती, आणि तिच्या तोंडी एक शब्द नाही. फक्त किंचाळणं.

पुढच्या रविवारी मी त्या आठवीतल्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती कपाटाला टेकून ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ताई, ती फाडलेली बाई उठली असती तर ती काय म्हणाली असती? मी म्हटलं, मला नाही माहीत गं, मेरीनं ते लिहिलं नाही. ती म्हणाली, मग मी लिहू?

मी तिला नवी वही दिली. एकच अट घातली, पहिल्या पानावर नाव लिही, तुझं स्वतःचं. तुमच्या घरातली मुलगी उद्या असलं काही ‘अभद्र’ लिहून तुमच्यापुढे आली, तर हे तूच लिहिलंस का, असं जरूर विचारा. पण असं विचारा, की तिची मान खाली जाणार नाही.